आपल्या चाकांवर

नलूताईंकडे गाडी शिकायला गेले तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि माझ्या पर्समध्ये तेवीस प्रश्नांची यादी होती. उतारावर आधी ब्रेक की आधी क्लच, समोरून ट्रक आला तर किती सरकायचं, म्हैस आडवी आली तर हॉर्न वाजवायचा की नाही, असे सगळे. पंचायत समितीत आस्थापनेचं टेबल सांभाळणाऱ्या माणसाला लेखी विचारायची सवय असते. नलूताईंनी यादी दोन्ही बाजूंनी वाचली, नीट घडी घातली, डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे महिन्याभरानं वाचू. जे प्रश्न उरतीन त्याचंच उत्तर देईन."

महिन्याभराने त्यांनी ती यादी खरंच बाहेर काढली. दोन प्रश्न उरले होते, त्यातला एक म्हशीचा. "म्हशीले हॉर्न ऐकू येते मॅडम, पण थे मनावर घेत नाई," त्या म्हणाल्या. "इंजन बंद करा अन् घोटभर पाणी प्या."

यवतमाळात त्यांची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक जुनी पांढरी छोटी गाडी, तिच्या टपावर एक निळा बोर्ड आणि स्वतः नलूताई. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, काटक बाई. सलवार-कमीज, ओढणी खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारलेली, पायात शाळेतल्या पी.टी.च्या तासाला असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. दर रविवारी ते बूट धुऊन, पांढरे करून ओट्यावर वाळत घातलेले असत. नवऱ्याला, शंकरभाऊंना, गाडी लागायची. चौकापर्यंत गेले तरी मळमळायचं. त्यामुळे ते आयुष्यभर सायकलवर फिरले, पण गाडीच्या सीटची कव्हरं दर दिवाळीला स्वतः शिवून द्यायचे. ते शिंपी होते.

पहिल्या दिवशी नलूताई कुणालाही गाडी चालवू देत नसत. बॉनेट उघडून आत काय काय आहे ते दाखवत आणि मग आपल्याकडून वदवून घेत. एकदा एका डॉक्टरांनी कुरकुर केली, की मला फक्त चालवायची आहे, दुरुस्त करायची नाही. नलूताई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमी पेशंटले न पाहता गोळी देता का?" डॉक्टर हसले आणि वाकून रेडिएटर बघायला लागले.

त्यांचे कान वेगळेच होते. चहाच्या टपरीवर बोलता बोलता मधेच थांबायच्या. आपल्याला वाटायचं, काही चुकलं का आपलं. तेवढ्यात रस्त्यावरून गेलेल्या एखाद्या जीपकडे मान वळवून म्हणायच्या, "याचा फॅनचा पट्टा जाते आता." आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू. टपरीवाला सांगतो की दहातले आठ पट्टे खरोखर गेले. उरलेल्या दोन जीपा परत त्या रस्त्यानं आल्या नाहीत, म्हणून कळलं नाही.

गाडीत हत्यारांची पेटी नव्हती. चार पुडांचा स्टीलचा डबा होता. वरच्या पुडात फ्यूज आणि बल्ब, दुसऱ्यात पक्कड, तार आणि पाने, तिसऱ्यात साबणाची वडी आणि हळद, तळाच्या पुडात पोहे. हळद कशाला, असं मी विचारलं होतं. माझ्या यादीत ते नव्हतं. रेडिएटर बारीक गळायला लागला की त्यात हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते, आणि पेट्रोलची टाकी झिरपली तर बाहेरून साबण घासायचा, असं त्यांनी सांगितलं. मी ते लगेच लिहून घेतलं. दुसऱ्या गाड्यांच्या पुढे लिंबू-मिरची लोंबत असे. नलूताईंच्या गाडीला कधीच नव्हती. कुणी विचारलं तर म्हणत, "लिंबू सरबतात टाका. रेडिएटरले काय सांगते थे?"

शिकवायच्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात, शिकवणाऱ्याच्या पायाशी. नलूताईंचे कॅनव्हासचे बूट सतत त्यांच्यावर हलके टेकलेले असायचे. एक ठेकेदार शिकायला आले तेव्हा त्यांना याचा राग आला. बाईच्या पायाने माझी गाडी थांबणार नाही, ते पॅडल काढून टाका, असं म्हणाले. नलूताईंनी वाद घातला नाही. दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. गाडी चढावर नेली, तिथे ठेकेदारांच्या हातून बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मागे कापसाने शिगोशीग भरलेली बैलबंडी उभी होती. ठेकेदारांना ब्रेक सापडेना.

"दाबू का, भाऊसाहेब?" नलूताईंनी मांडी न मोडता विचारलं.

"दाबा!"

"बाईचा पाय हाय."

"दाबा वो ताई, दाबा!"

बंडीला टेकायला वीतभर उरलं असताना त्यांनी दाबला. ठेकेदारांनी पुढे आपली बायको, सून आणि साडू असे तिघे त्यांच्याकडेच शिकायला पाठवले.

आता शर्यतीबद्दल. शहरातल्या काही तरुण मंडळींनी मिळून गाड्यांची एक शर्यत सुरू केली. यवतमाळहून निघायचं, बाभुळगाव, कळंब करून परत यायचं, पण हमरस्त्याने थोडं आणि पांधणीने, म्हणजे शेतात जायच्या बैलगाडीच्या वाटांनी, जास्त. एकेक मिनिटाच्या अंतराने गाड्या सोडायच्या. नलूताई नाव द्यायला गेल्या. टेबलावरच्या मुलाने त्यांच्याकडे बघितलं, बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं. "चालते काकू, पण गाडी तगडी पाहिजे."

"काकू तगडी हाय न," नलूताई म्हणाल्या. "लिही."

पहिल्या वर्षी शेजारी बसायला त्यांनी आपल्या भावाला नेलं. भाऊ स्वभावाने गरीब, कुणाला दुखवायचा नाही. निम्म्या वाटेवर गाडीचा पट्टा तुटला. नलूताईंकडे दुसरा पट्टा होता, अर्ध्या तासाचं काम होतं. त्या बॉनेटखाली वाकलेल्या असताना एक ट्रॅक्टरवाला शेतकरी थांबला. आपल्याकडे बंद गाडीजवळ थांबलेल्या माणसाला नको म्हणणं फार अवघड असतं. भावाने नको म्हटलं, पण ते "राहू द्या, तुम्हाला कशाला त्रास" अशा चालीवर. त्याचा अर्थ आपल्याकडे हो असाच होतो. त्या भल्या माणसाने दोर बांधला. बाहेरच्या माणसाचा हात गाडीला लागला की शर्यतीतून बाद, असा नियम होता. नलूताई डोकं वर काढेपर्यंत त्या बाद झाल्या होत्या.

आणि तो शेतकरी एवढ्यावर थांबला नाही. माणूस उदार. गाडी थेट घरी पोहोचवून देतो म्हणाला. भर बाजाराच्या वेळी, ट्रॅक्टरवर गाणी लावून, निळ्या बोर्डासकट ती पांढरी गाडी मेन चौकातून ओढत नेली. नलूताई स्टिअरिंगवर होत्या. सगळ्या यवतमाळाने त्यांना पाहिलं.

पुढच्या महिन्यात अकरा शिकाऊंचे चार झाले. जिची स्वतःची गाडी ट्रॅक्टरमागे येते ती आपल्या पोरीला काय शिकवणार, असं एका बापाने तोंडावर सांगितलं. नलूताईंनी त्याला पाणी दिलं, पोरीची फी परत दिली. पुढच्या वर्षी शर्यत जवळ आली तेव्हा मला त्या म्हणाल्या, "मॅडम, औंदा पुन्हा जाणार हाय मी. नंबर नाई पाहिजे मले. गाडी आपल्या चाकांवर चौकातून घरी आली पाहिजे. अन् आणखी एकदा ओढत आली, तर बोर्ड उतरवून ठेवतो." हे त्या चिडून नाही, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं बोलल्या. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

"शेजारी तुमी बसा," त्या म्हणाल्या.

"मी? मला शर्यतीतलं काय कळतं?"

"कळायचं काही नाई. मले नाई म्हणणारं माणूस पाहिजे. तुमी ऑफिसात दिवसभर लोकांले नाई म्हणता. सवय हाय तुमाले."

मी एक्केचाळीस गोष्टींची यादी केली. टायर, पट्टे, नळ्या, तेल, पाणी, रस्त्याचा नकाशा, वाटेत शिक्का घ्यायच्या चौक्यांच्या वेळा. वाटेत कुणाकडून पाणी घेतलेलं चालेल, असं आयोजकांकडून लेखी घेतलं. सही घेतली. आदल्या दिवशी एक्केचाळीसही गोष्टींवर खुणा झाल्या आणि मी समाधानाने झोपले.

सकाळी सातला आम्ही निघालो. दुपारी दोनच्या आत निघालो त्याच मैदानावर परत यायचं, नाहीतर शर्यत पुरी केली असं धरत नाहीत. नलूताई शर्यतीत गाडी वेगळी चालवतील असं मला वाटलं होतं. त्या नेहमीसारखीच चालवत होत्या, फक्त थांबत नव्हत्या. पुढच्या गाड्यांच्या धुळीतून बाहेर पडायला घाई करत नसत. खड्डा दिसला की आधीच हळू, मग बाहेर पडताना सरळ. बाभुळगावपर्यंत आम्ही तीन गाड्या मागे टाकल्या. त्यातल्या दोन रस्त्यात उभ्याच होत्या.

पहिल्यांदा सायलेन्सर पडला. नलूताईंनी ओढणीची गाठ घट्ट केली, गाडीखाली शिरल्या, तारेने बांधून सहा मिनिटांत बाहेर आल्या. त्यानंतर गाडी ट्रकसारखी ओरडायला लागली. मी यादीत बघितलं. सायलेन्सर सतराव्या क्रमांकावर होता, खूण केलेली होती.

पुढे सोयाबीन काढून मोकळ्या पडलेल्या वावरातून वाट होती, कडेला पराटीचं, म्हणजे कपाशीचं, शेत. तिथे तोडलेल्या पराटीचा एक टोकदार खुंट पुढून रेडिएटरमध्ये घुसला. नलूताईंना आधी आवाजाने कळलं, मला काट्याने. उष्णतेचा काटा तांबड्याकडे निघाला होता. त्यांनी तांबड्याला टेकायच्या आत इंजिन बंद केलं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"थंड होईपर्यंत. गरम झाकण उघडलं तर तोंड भाजते. तुमी घड्याळ पाहा, मी बसतो."

आणि त्या खरोखर बांधावर बसल्या. पंधरा मिनिटं. मी दर मिनिटाला किती उरली ते सांगत होते, त्या मान डोलवत होत्या. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया गोळा झाल्या. त्यांच्याकडे पाण्याची कॅन होती. नलूताईंनी ती मागून घेतली आणि आपल्या डब्याचं पोह्यांचं पूड त्यांना देऊन टाकलं. मग झाकण उघडून आत दोन चमचे हळद टाकली.

"काय वो ताई," एक बाई म्हणाली, "गाडीले फोडणी देऊन राह्यल्या का?"

"हाव," नलूताई म्हणाल्या. "मोहरी घरीच राह्यली."

पिवळं पाणी थेंब थेंब गळत होतं, मग गळायचं थांबलं. आम्ही निघालो. कळंबच्या चौकीवर शिक्का घेतला तेव्हा सव्वाबारा वाजले होते. वेळ होता. मला वाटलं, आता झालं.

कळंब सोडून काही अंतरावर एक लहान गाव लागतं. वळण, लगेच चढ. तिथे नलूताईंनी क्लच दाबला आणि पायाखाली कट्कन आवाज झाला. गाडी धक्का खाऊन बंद पडली. त्यांनी खाली वाकून काहीतरी उचललं आणि माझ्या हातात दिलं. क्लचचं पॅडल होतं, दांडीसकट. "धरा," त्या म्हणाल्या. एक्केचाळीस गोष्टींत पॅडल नव्हतं. पॅडल मोडतं हे मला माहीतच नव्हतं.

मिनिटभरात पानठेल्यावरची माणसं आली, पिठाच्या गिरणीतली आली, पारावर बसलेली आली. "धक्का द्या रे!" कुणीतरी ओरडलं आणि आठ-दहा हात पुढे झाले.

माझं काम सुरू झालं होतं. मी उतरले आणि गाडीच्या मागे दोन्ही हात पसरून उभी राहिले. "हात लावायचा नाही. कुणीच नाही."

"काहून वो बाई?"

"हात लागला की ताई शर्यतीतून बाद होतात."

"बाद होतीन तर होतीन, घरी तं पोचतीन!" पांढऱ्या टोपीचे एक म्हातारबाबा पुढे आले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आमच्या गावात गाडी बंद पडली अन् आमी उभं राहून पाह्याचं? लोकं काय म्हणतीन आमाले?"

"बाबा, नाही म्हणजे नाही." माझा ऑफिसातला आवाज आपोआप आला.

"ही बाई तहसीलात हाय काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

म्हातारबाबा हटेनात, मी हटेना. तेवढ्यात नलूताईंनी स्टिअरिंगखालून डोकं वर काढलं. माझ्या बाजूचा क्लच एका सळीने त्यांच्या क्लचला जोडलेला होता आणि तो जोड तुटल्या जागेच्या वर होता. "मॅडम, या बसा," त्या म्हणाल्या. "माह्यावाला मोडला, तुमच्यावाला जित्ता हाय. मी सांगतो तेव्हा दाबा, मी सांगतो तेव्हा सोडा." मग खिडकीतून बाहेर बघून म्हणाल्या, "बाबा, मदत कराची हाय न? पुढचा रस्ता मोकळा करा. मले मधात थांबता येत नाई. थे चालते नियमात."

म्हातारबाबांचा चेहरा असा उजळला की बस. काठी उगारून ते स्वतः चढावर पळाले. बंड्या बाजूला झाल्या, शेळ्या हाकलल्या गेल्या, एक मोटारसायकल तर मालकासकट उचलून कडेला ठेवली.

पहिल्या दोन वेळा मी क्लच झटक्यात सोडला आणि गाडी बंद पडली. "हळू सोड न वो! कढईत भाजी टाकून राह्यली का!" तोवर मी मॅडम होते, तुमी होते. त्यानंतर मैदान येईपर्यंत मी तू होते. तिसऱ्या वेळी गाडी उचलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, टाळ्या वाजवत, गाडीला कुणीही हात न लावता.

"दाब." गिअर. "सोड." "दाब." गिअर. "सोड." पुढचे काही किलोमीटर मी एवढंच ऐकलं. नकाशा कुठे गेला कळलं नाही, घड्याळाकडे बघायला वेळ नव्हता. नलूताईंचा उजवा पाय त्यांचं काम करत होता, माझा डावा पाय माझं, आणि डोळे त्यांच्या एकट्यांचे. शेवटच्या पांधणीवर मला कळलं की त्यांनी बोलणं थांबवलंय. त्यांचा हात गिअरवर गेला की माझा पाय खाली जात होता. मी ते त्यांना सांगितलं. "बोलू नको," त्या म्हणाल्या. "बोलली का विसरशील."

मैदानावर पोहोचलो तेव्हा दोनला आठ मिनिटं कमी होती. एकोणीस गाड्या निघाल्या होत्या, बारा पोहोचल्या, आम्ही अकरावे. नाव लिहून घेणाऱ्या त्या मुलाने गाडीभोवती फेरी मारली, तारेने बांधलेला सायलेन्सर बघितला, पुढचे पिवळे ओघळ बघितले, माझ्या मांडीवरचं पॅडल बघितलं आणि शिक्का मारला. नलूताईंनी कागद घेतला आणि गाडीत बसल्या. बक्षीससमारंभाला त्या थांबल्या नाहीत.

"मागच्या रस्त्यानं जवळ पडेल," मी म्हटलं.

"माहीत हाय मले."

त्या मेन चौकातून गेल्या. सायलेन्सरच्या आवाजाने लोक दुकानांतून बाहेर आले. सिग्नल लाल होता. मी क्लच दाबून धरला, गाडी जागच्या जागी थरथरत होती, आणि नलूताई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ पुढे बघत होत्या. मी बाजूला बघितलं. बरेच जण ओळखीचे होते. हिरवा झाला, मी सोडला, आणि आम्ही गेलो. एवढंच. पुढच्या महिन्यात नऊ जण शिकायला आले, त्यानंतर जास्त.

दोन वर्षांपूर्वी नलूताई शंकरभाऊंसह मुलीकडे नागपूरला राहायला गेल्या. बोर्ड त्यांनी उतरवला नाही. त्यांच्याचकडे शिकलेली एक मुलगी ती स्कूल चालवते, चांगली चालवते. त्या गेल्या त्या दिवशी मी अमरावतीला ट्रेनिंगमध्ये होते, त्यामुळे निरोप असा झाला नाही. फोन होतो. पण डोळ्यांसमोर शेवटच्या म्हणून शर्यतीच्या दिवशीच्याच नलूताई येतात.

घराशी गाडी लावून झाल्यावर त्यांनी मला ऑटो करून दिला. क्लच दाबून दाबून माझा डावा पाय आखडला होता, चालता येत नव्हतं. ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळण्यापूर्वी मी मागे बघितलं. शंकरभाऊंनी ओट्यावर खुर्ची आणून दिली होती. नलूताई मांडीवर ताट घेऊन बसल्या होत्या, भुवयांपर्यंत धुळीने पांढऱ्या, आणि समोर उभ्या गाडीकडे बघत भाकरी मोडत होत्या. समोरच्या घरातली बाई हात पुसत बाहेर आली.

"काय वो ताई, आला का नंबर?"

नलूताईंनी तोंडातला घास संपवला.

"गाडी आली," त्या म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी मागितली.